देवीच्या पाठीवरचे शब्द

दुकानदाराने पुढे केलेला पुठ्ठा नीलाक्का आधी कानाजवळ नेऊन त्याला टिचकी मारत. मग त्याचा एक कोपरा जिभेच्या टोकाला लावत, आणि शेवटी तो फळीवर उभा करून हात सोडून देत. पुठ्ठा आडवा झाला की म्हणत, "ह्याला कणा न्हाय." तुळजापुरातल्या दुकानदारांना ही परीक्षा पाठ झाली होती. एकाने कंटाळून विचारलं, "बाई, चाटून बघायला ती काय पेढ्याची परात हाय व्हय?" नीलाक्का जरासुद्धा न लाजता म्हणाल्या, "पेढा वाईट निघाला तर एक दिवस पोट दुखतंय. कागद वाईट निघाला तर वरीसभर डोकं दुखतंय."

मागच्या महिन्यात धाराशिवकडच्या वाशीच्या एक बाई आमच्याकडे आल्या होत्या. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या की नीलाक्का गेल्या. मला ठाऊक असेल असं धरूनच त्या बोलत होत्या. मी चहा गाळत होते, तो गाळून पुरा केला. त्यानंतर बरेच दिवस मी काही लिहिलं नाही. आज बसले आहे. त्यांचं सगळं आयुष्य मला माहीत नाही, आणि माहीत आहे तेवढंही सगळं सांगायचं नाही. तुळजापूरच्या मुलींच्या शाळेत आम्ही काही वर्षं बरोबर शिकवलं. तेव्हा मुलुख निजामाचा होता आणि बाहेर मोठी लढाई चालू होती.

शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत त्या, दुसरीत मी. मधली भिंत जाड होती, तरी त्यांचा आवाज माझ्या वर्गात येई आणि माझा आवाज माझ्याच वर्गातल्या शेवटच्या मुलीपर्यंत पोचत नसे. त्या माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. उंच, सावळ्या, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, आणि नऊवारीच्या ओच्याला खोचलेली एक भली मोठी लोखंडी किल्ली. माहेर नळदुर्गाच्या पलीकडचं, त्यामुळे घरची बोली कानडी. बेरीज कानडीत करत, रागावत मराठीत, आणि हसणं आलं की कुठलीच भाषा पुरत नसे. मांडीवर थाप मारत.

ती किल्ली त्यांच्या भाड्याच्या खोलीची. खोलीत चोरण्यासारखं काही नव्हतं. पण नवरा गेल्यावर दोन-तीन वर्षं त्या सासरी, दिराच्या घरात राहिल्या होत्या आणि मग हट्टाने ही नोकरी धरून बाहेर पडल्या होत्या. दीर माणूस चांगला होता. शिवलिंगप्पा त्यांचं नाव. सुगी झाली की ज्वारीचं पोतं घेऊन येत, ओट्यावर बसून पाणी पीत आणि दरवर्षी तेच म्हणत, "वहिनी, पुरं झालं आता. घरला चला." नीलाक्का त्यांना गूळ-शेंगा देत आणि विषय बदलत. एकदा मी विचारलं, इतकं चांगलं घर असताना जायचं का नाही? त्या म्हणाल्या, "तिथं मला कोण उपाशी ठेवणार न्हाय, सरोज. निस्तं एवढंच हाय, की तिथं दार दुसरं कुणीतरी उघडतंय आन् दुसरंच कुणीतरी लावतंय."

ही खोली आणि ही नोकरी एका वर्षी जायची वेळ आली. तालीमात खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, साहेब शाळा बघायला आले. मोठे सभ्य गृहस्थ. त्यांनी मुलींचं वाचन ऐकलं, नीलाक्कांचं गणित ऐकलं आणि मान हलवून म्हणाले, "आपका पढ़ाना देखकर दिल खुश हुआ. लेकिन कायदा मेरे हाथ में नहीं है." कायदा असा, की ज्या बाईने उर्दूची परीक्षा दिलेली नाही तिला येत्या दिवाळीनंतर ठेवता येणार नाही. परीक्षा दसऱ्यानंतर धाराशिवला होती. माझे वडील तहसिलीत कारकून असल्यामुळे माझं उर्दू लहानपणीच झालेलं होतं. नीलाक्कांना अलिफ-बेपासून सुरुवात करायची होती.

अक्षरं त्या झपाट्याने शिकल्या. "उजवीकडनं डावीकडं म्हंजी भाकरी थापल्यासारखंच की," असं म्हणाल्या. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण त्यांना लागला होता. अडचण शब्दांची होती. वही समोर असली की घडाघड अर्थ सांगत. मी वही मिटून मधलाच एखादा शब्द विचारला की गप्प. चार दिवस असंच झाल्यावर त्यांनी स्वतःच कारण शोधून काढलं.

"वहीत शब्द एकमेकांचा हात धरून बसतेत बघ. तू एकाला हाक मारतीस, उत्तर शेजारचा देतो. ह्यांचे हात सोडवाय पायजेत."

"कसे सोडवणार?"

"पिसून."

नवरा त्यांचा पत्तेबाज होता. सही अंगठ्याने करायचा, पण बारा हातांपूर्वी कुणी काय टाकलं ते सांगायचा. नीलाक्कांचं म्हणणं असं, की आठवण बांधलेल्या वहीत बसत नाही, सुट्या पानांत बसते. एका पुठ्ठ्यावर एक शब्द लिहावा, गठ्ठा पिसावा, आणि वर येईल त्याला सामोरं जावं. आज हे कुणाला नवीन वाटणार नाही. दुकानात रेघा मारलेली कार्डंही मिळतात. आमच्याकडे तेव्हा ते कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि लढाईमुळे साधा कागद मिळायची मारामार होती.

पहिला प्रयोग नवऱ्याच्याच पत्त्यांच्या जोडावर झाला. पत्त्यांच्या पाठीवर पिठाच्या खळीने पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर शब्द लिहिले. मृगापर्यंत सगळं छान होतं. मग हवा सर्द झाली आणि एका सकाळी खोकं उघडलं तर झुरळांनी खळीसकट कागद खाऊन टाकलेला. राजे-राण्या तेवढ्या शाबूत. नीलाक्का खोक्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "यंदा झुरळं पास व्हत्यात बघ. माझं काय खरं न्हाय."

त्यानंतर त्या चांगल्या पुठ्ठ्याच्या मागे लागल्या. पुठ्ठा कसा हवा हे त्यांचं ठरलेलं होतं. शाई पिऊन गप्प बसणारा हवा, फुगणारा नको. हातात खेळवला तर वाकावा, सोडला तर सरळ व्हावा. खोक्यात उभा राहावा, म्हणजे वरून बोट फिरवून हवा तो काढता येतो. आणि कडा अशा असाव्यात की पिसताना एकमेकांत अडकू नयेत. लग्नपत्रिका पाहिल्या, औषधाची खोकी कापून पाहिली, चपलांच्या दुकानातले पुठ्ठे पाहिले. एकालाही कणा नव्हता.

शेवटी एका सुटीत आम्ही दोघी मोटारीने सोलापूरला गेलो. तो इंग्रजांचा मुलुख, तिथे सगळं मिळतं असा आमचा समज. एका मोठ्या दुकानात खरंच कापलेल्या, पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. टिचकीला आवाज दिला. फळीवर उभा राहिला. नीलाक्कांनी जीभ काढली, एवढ्यात दुकानदार ओरडला, "बाई, उष्टा माल मी कुणाला विकू?" आजूबाजूची चार माणसं बघायला लागली. नीलाक्कांनी आयुष्यात पहिल्यांदा जीभ आत घेतली आणि गठ्ठा तसाच बांधून घेतला.

परतताना हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जमादाराने पिशवी उघडली. बाहेरून येणाऱ्या मालावर तिथे जकात होती.

"ये क्या हैं बाई? पत्ते?"

"हौ साब."

त्याने एक उलटा केला, मग सुलटा केला. "इनपे तो कुछ बी नै."

"अब्बी पैदा हुए साब. नाम रखनेका है."

नीलाक्कांचं ते दख्खनी ऐकून मला घाम फुटला. जमादाराने कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, हे नाव ठेवायचं प्रकरण काय आहे? मग नीलाक्कांनी त्याला परीक्षेचं सगळं सांगितलं, अर्धं उर्दूत आणि अर्धं हातवाऱ्यांनी. त्याने पिशवी बांधून परत दिली आणि म्हणाला, "जाओ अम्मा. पास होके इसीच रस्ते से आना, मिठाई लेके." त्यांना अम्मा म्हटल्याचा राग पुढे तुळजापुरापर्यंत टिकला. "त्याच्या मिशा पिकल्यात की! अम्मा कोण म्हणं?"

घरी येऊन त्यांनी बोरू शाईत बुडवला आणि पहिला शब्द लिहिला. अक्षर टेकल्या टेकल्या शाई चहूकडे पाय पसरून पळाली. लिहिलं होतं 'दवात', म्हणजे दौत, आणि दिसत होता कोळी. दुसरा पुठ्ठा, तिसरा पुठ्ठा, तीच गत. जीभ लावली असती तर हे दुकानातच कळलं असतं. मग मांडीवर थाप पडली. "मेला, एवढा गोरागोमटा, आन् पाण्याला भ्याला!" सगळा गठ्ठा मुलींना दिला. महिनाभर शाळेत पुठ्ठ्याचे पोपट उडत होते.

हवा तसा पुठ्ठा अखेर आमच्या गल्लीच्या तोंडाशीच सापडला. मल्लप्पांचं कापडाचं दुकान होतं. गिरणीतून येणाऱ्या भारी लुगड्यांच्या घडीत एक जाड पुठ्ठा असे, हाताच्या पंजाएवढा. एका बाजूला रंगीत चित्र, वाघावर बसलेली अष्टभुजा देवी. दुसरी बाजू कोरी. गिऱ्हाईक लुगडं न्यायचं, पुठ्ठा दुकानात राहायचा. मल्लप्पा दर सोमवारचा उपास करणारे. देवीचं चित्र टाकायचं कुठे, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षांचे पुठ्ठे एका ट्रंकेत साठवून ठेवलेले. नीलाक्कांनी टिचकी मारली, कोरी बाजू चाटली, पुठ्ठा उभा केला. तो उभा राहिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं असं म्हणणार होते, पण ते खरं नाही. त्यांनी मल्लप्पांना म्हटलं, "ट्रंक उचला, म्या पुढं व्हते."

"न्या की, बाई," मल्लप्पा म्हणाले, "पर देवी हाय. फाडायची न्हाय, टाकायची न्हाय."

"फाडीन कशाला? तिच्या पाठीवर लिवते. लेकरू आईच्या पाठीवरच असतंय की."

मग आमच्या संध्याकाळी सुखाच्या गेल्या. माझ्या वडिलांच्या ओळखीच्या, कचेरीतल्या एका पेशकारांकडून उर्दू शब्दकोश थोडे दिवस मागून आणला होता. त्यातून मी शब्द निवडून सांगे, त्या लिहीत; वर उर्दू, खाली मराठी अर्थ. शाई जिथल्या तिथे बसे. कोश परत गेला आणि पेशकार बदलून हैदराबादला गेले, पण आता कोशाची गरज नव्हती. भाकरी थापताना चुलीजवळ एक पत्ता, विहिरीवर जाताना हातात एक. पिसण्याचा आवाज तर माझ्या वर्गात यायचा. श्रावण संपता संपता दहात आठ शब्द बरोबर येऊ लागले होते.

भाद्रपदाच्या शेवटी पाऊस पडला आणि त्यांच्या खोलीचं माळवद नेमकं खोक्यावर गळलं. अमावास्येच्या सकाळी लख्ख ऊन होतं. नीलाक्कांनी सगळे पत्ते ओट्यावर ओळीने वाळत घातले. उन्हाने शाई उडू नये म्हणून अक्षरं खाली आणि चित्रं वर. आणि त्या शाळेत आल्या.

तुळजापूर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, की नवरात्राच्या आधीचे हे दिवस आमची भवानी झोपेत असते. देवळात मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेच्या पहाटे परत बसवतात. तेवढे दिवस गावातली म्हातारी माणसं आवाजसुद्धा बेताने काढतात. अशा दिवसांत, भर उन्हात, जमिनीवर उताण्या टाकलेल्या देव्यांच्या ओळी शेजारच्या सुभद्राकाकूंनी पाहिल्या.

संध्याकाळी आम्ही आलो तर ओटा रिकामा. सुभद्राकाकू दारातच उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून.

"नीला, देवी पलंगावर निजलीया, सारं गाव दबक्या पावलानं चालतंय, आन् तू तिला उन्हात टाकून शाळंत गेलीस? कुत्रं हुंगत व्हतं, सांगू का!"

"काकू, ती छापील हाय."

"छापील म्हणून काय झालं?"

"आन् ती वाघावर हाय. आपली देवी कुठं वाघावर बसती?"

"वाघ आपला नसंल. बाई आपलीच हाय."

"बरं, कुठं ठेवल्या?"

"ठेवल्या न्हाईत. घरोघर दिल्या. उद्या घट बसायचेत. एकेका घरी दोन-दोन, चार-चार. समद्यांनी हळद-कुंकू लावून मांडल्या बी."

नीलाक्का पिशवी तिथेच टाकून पहिल्या घराकडे धावल्या. देवघरात पत्रावळीवर घटाची माती पसरलेली आणि तिच्यामागे भिंतीला टेकून आमची अष्टभुजा, कपाळभर कुंकू. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. बायका हात जोडून म्हणाल्या, "अक्का, मांडलेली देवी कशी उचलून द्यावी? दसऱ्याला घट हलले की न्या." घट बसला की दसऱ्यापर्यंत त्या जागचं काही हलवायचं नाही, हा नेम. उलटून बघणं तर दूरच. सगळे शब्द भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि परीक्षा दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांवर होती. दुसरी प्रत नव्हती. कोश हैदराबादेत होता.

त्या संध्याकाळी नीलाक्का ओट्यावर बसून राहिल्या. किल्ली हातात घेऊन फिरवत होत्या. मी म्हटलं, मला आठवतील तेवढे शब्द लिहून देते.  त्या म्हणाल्या, "भाऊजींना निरोप धाडावा का, की गाडी पाठवा म्हणून?" त्यांच्या तोंडून असं वाक्य मी ते एकदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी घट बसले. संध्याकाळी रिवाजाप्रमाणे त्या काकूंच्या घरी दर्शनाला गेल्या, मी बरोबर होते. नमस्कार करून उठायच्याऐवजी त्या खाली वाकून पहिल्याच चित्राकडे निरखून बघू लागल्या. डावीकडचा वरचा कोपरा किंचित दुमडलेला होता.

"सरोज, ही 'इत्मीनान' हाय."

"कशावरून?"

"पत्तेबाजाची बायको मी. पान पाठीवरनं ओळखायचं, हे बी जमलं न्हाय तर एवढी वर्षं काय केलं म्हणायचं? हा कोपरा माझ्याच हातानं चुलीपाशी दुमडलाय." आता देवीचं तोंड ही पत्त्याची पाठ झाली होती आणि पाठ हे तोंड, पण त्याने त्यांना काही फरक पडत नव्हता.

काकू मागून ऐकत होत्या. "काय लिवलंस आमच्या देवीच्या पाठीवर?"

"इत्मीनान. म्हंजी निवांतपणा, काकू."

काकू खूश झाल्या. "चांगलं लिवलंस. काशीकडं काय लिवलंय?"

समोरच्या काशीबाईंचं आणि काकूंचं पाण्यावरून कायम वाजलेलं असे. नीलाक्का समोरच्या घरात जाऊन पाहून आल्या. तिथल्या पहिल्या चित्रावर पाण्याचा डाग होता. "तिच्याकडं जुर्माना. दंड."

"बरोबर हाय," काकू म्हणाल्या. "देवीला समदं कळतंय."

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. नीलाक्का घरोघर जात, देवीसमोर बसत, डाग, दुमड, घासलेली कड बघून शब्द ओळखत, अर्थ सांगत. कधी डोळे मिटून पाच मिनिटं बसत, तेव्हा घरातल्या पोरांना वाटे आता अक्कांच्या अंगात येणार. बायकाही मागे लागल्या. आमच्यात काय आहे, सांगा. दोन दिवसांत गल्लीतल्या बायका एकमेकींना घरातल्या पहिल्या देवीच्या शब्दानेच ओळखू लागल्या. एक घर 'मोहलत', म्हणजे मुदत, झालं, एक 'मुआयना', म्हणजे तपासणी, आणि एक 'दस्तयाब', म्हणजे हाती लागलेलं. कुणी आवाज दिला की "कोण, ती दस्तयाबवाली?" असं ऐकू येई. सुभद्राकाकू तर नवरात्रभर येईल-जाईल त्याला सांगत होत्या, "आमच्याकडं निवांतपणा हाय. समोर दंड हाय."

आणि नीलाक्कांना मात्र वेगळीच काळजी. "हे समदे माझे अंदाज. मागं खरंच काय हाय, ते कुणाला ठाऊक? म्या चुकीचं पाठ करत बसले असंन तर?"

दसरा उजाडला, घट हलले. आम्ही सुटलो म्हणेपर्यंत नवा पेच उभा राहिला. सीमोल्लंघन झालं की देवी दमून पुन्हा निजते, ती पौर्णिमेपर्यंत. गल्लीतल्या बायकांनी देवळासारखंच आपापल्या अष्टभुजेला पाटावर कापड घालून उताणी निजवली होती. म्हणजे शब्द पुन्हा खालीच. आणि परीक्षा पौर्णिमेच्या आधी.

काशीबाई म्हणाल्या, "निजलेल्या देवीला उलटं कसं करावं, अक्का? माझ्याच्यानं व्हायचं न्हाय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. नीलाक्का सगळ्यांकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात सुभद्राकाकू म्हणाल्या, "का गं, झोपंत माणूस कूस बदलतंय का न्हाय?"



"आठ हात, एवढा मोठा वाघ संगं. बाईमाणूस रात्रभर एकाच अंगावर पडंल व्हय? अवघडंल की! तिला हळूच कुशीवर वळवायचं, पाठ बघायची, पुन्हा नीट निजवायचं. ह्यात काय पाप हाय?"

 सुरुवात काकूंच्याच घरी करायची ठरली. सगळी गल्ली त्यांच्या देवघराच्या दारात गोळा झाली. काकूंनी हात धुतले, पदर डोक्यावरून घेतला, "आई, जरा कूस बदल," असं म्हणून पहिला पत्ता वळवला. नीलाक्कांनी वाकून वाचलं आणि पदर तोंडावर घेतला. खांदे हलत होते. मी पुढे होऊन वाचलं. जुर्माना. दंड.

"व्हय का, इत्मीनानच हाय न्हवं?" काकूंनी विचारलं.

खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. काशीबाई तिथून जे निघाल्या ते धावत घरी. त्यांच्या पहिल्या देवीच्या पाठीवर निवांतपणा होता. काकू म्हणाल्या, "बदलून दे."

"देवीच्या पाठीवरचं बदलता येत न्हाय, काकू."

"मग नऊ दिस म्या गावभर काय सांगितलं!"

बाकीच्या घरांत मात्र नीलाक्का बहुतेक सगळीकडे बरोबर निघाल्या. घरोघर देवी कुशीवर वळत होत्या, मी मोठ्याने वाचत होते आणि बरोबर आलं की बायका टाळ्या वाजवत होत्या. जिथे चुकलं तिथे नीलाक्का थांबून चार वेळा घोकत, आणि त्या घरची बाई म्हणे, "आमचंच बरं चुकलं!" अंधार पडायच्या आत गल्ली पुरी झाली.

धाराशिवला मी त्यांच्याबरोबर गेले. लेखी झाली. तोंडी परीक्षेला पांढऱ्या दाढीचे एक मौलवीसाहेब होते. आत काय झालं ते नीलाक्कांनी मला परतीच्या मोटारीत सांगितलं आणि मग गल्लीत प्रत्येकीला वेगळं वेगळं सांगितलं. मौलवीसाहेब शब्द विचारत आणि या डोळे मिटून घेत. तीन-चारदा असं झाल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, आप आँखें बंद करके किससे पूछ रही हैं?"

"किसीसे नै साब. जरा पड़ोस में जाके आतूं."

म्हातारा हसला. मग म्हणाला, "अच्छा, इत्मीनान?"

"सरोज, गं," त्या मला सांगत होत्या, "म्या सवयीनं काकूंच्या घरात शिरले. तिथं दंड बसलेला! अंगाला घाम. तशीच मागं फिरले, रस्ता ओलांडला, काशीबाईच्या देवघरात गेले, तवा कुठं निवांतपणा गावला. मौलवीसाब घड्याळ बघाय लागले व्हते."

मी म्हटलं, "अक्का, तुम्ही तर शब्दांचे हात सोडवायला निघाला होता. आता प्रत्येक शब्द घर धरून बसलाय."

त्यांनी विचार केला. "व्हय की. माझं चुकलंच म्हणायचं. शब्दाला बी स्वतःचं घर लागतंय."

दिवाळीनंतर शाळेच्या शिपायाने निकाल आणला. नीलाक्का पास झाल्या होत्या. सुभद्राकाकूंनी ओट्यावरूनच विचारलं, "काय गं, पास झालो का आपण?" गल्लीभर गूळ वाटला. सोलापूरला जाणं पुन्हा झालं तेव्हा त्या नाक्यावरच्या जमादारासाठी आठवणीने पेढे घेऊन गेल्या. तो बदलून गेला होता. नव्या जमादाराने पेढे घेतले आणि पिशवीही तपासली. पत्ते कुणी परत दिले नाहीत, आणि त्यांनी मागितले नाहीत.

पुढे काही वर्षांनी निजामाचं राज्य गेलं. त्याआधीचे दिवस वाईट होते. त्यांच्याविषयी मी इथे लिहिणार नाही. सरकार बदललं, कारभार मराठीत आला आणि उर्दूच्या परीक्षेला कुणी विचारीनासं झालं. शाळेतल्या एका नव्या मास्तरांनी सहानुभूतीने म्हटलं, "बाई, तुमची मेहनत वाया गेली." नीलाक्का त्यांच्याकडे नवलाने बघत राहिल्या. "वाया कशी? तेवढी वर्षं म्या माझ्या खोलीत राहिले की." मास्तरांना ते कळलं असेल असं मला वाटत नाही.

मग येरमाळ्याच्या पुढे, वाशीला, मुलींची नवी शाळा निघाली आणि तिथे हेडबाई म्हणून नीलाक्कांची नेमणूक झाली. त्या निघाल्या त्या दिवशी मी मोटारींच्या अड्ड्यावर पोचवायला गेले. तिथे शिवलिंगप्पा आधीच येऊन उभे होते. त्यांच्याजवळ पोतं नव्हतं. एक पत्र्याची छोटी ट्रंक होती, आणि ट्रंकेला धरून त्यांची थोरली मुलगी, परकर-पोलक्यातली, दहा-अकरा वर्षांची, डोळे सुजलेली.

शिवलिंगप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. "वहिनी, हिला शिकायचंय म्हणती. आमच्या गावात चौथीच्या पुढं काय न्हाय. तुमच्याकडं ठिवून घेता का?"

नीलाक्कांनी त्यांना ताटकळत ठेवलं. मला वाटतं, त्या क्षणाची त्यांना चव घ्यायची होती. "माझं घर ल्हान हाय, भाऊजी."

"चालंल की. तिला कुठं लई जागा लागती."

"माझ्या घरात माझं ऐकावं लागतंय."

"ऐकंल."

"मग बसवा."

मोटार सुटायला आली. नीलाक्का आत चढल्या, मुलीला खिडकीशी बसवलं आणि ट्रंक आपल्या पायाखाली ओढून घेतली. मुलीने बापाकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. शिवलिंगप्पा खिडकीला धरून उभे राहिले, काय करावं ते त्यांना सुचेना. मोटारीतली माणसं तिला गप्प करायला लागली. नीलाक्कांनी हाताने सगळ्यांना थांबवलं.

"रडू द्या तिला," त्या म्हणाल्या, आणि मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारून तिला सांगितलं, "येरमाळ्यापातुर रडून घे. तिथनं पुढं आपलं गाव लागतंय."

मोटार हलली. त्या मुलीशी बोलत राहिल्या, मागे वळून पाहायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.